ओवीचा टायफॉइड

घोटी,
६ जानेवारी २०२५

चि. ओवी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून चक्रावशील. हल्ली पत्र कोण लिहितं? पण माझा उजवा कान केव्हाच संपावर गेला आणि आता डावाही त्याच्या नादाला लागलाय. फोनवर मी ओरडते, पलीकडचा ओरडतो, आणि आमच्या गिरणीत भात भरडायला आलेली माणसं फुकटात करमणूक करून घेतात. त्यापेक्षा पत्र बरं.

ओळखलंस ना? मी घोटीची चंद्रभागा. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही रामकुंडावर आलो होतो. तुझ्या बाबांनी, म्हणजे ढुंढिराज गुरुजींनी, सगळं यथासांग केलं आणि मग पंचवटीत तुमच्याच घरी आम्ही जेवलो. तू वाढत होतीस. मी विचारलं, "पोरी, तू कधी जेवणार?" तर तुझी आई म्हणाली, तिचा उपवास आहे. सोमवार नाही, चतुर्थी नाही, मग कसला? तर म्हणाली, ती सगळंच पाळते, आता तर आम्हीही मोजत नाही. तेव्हापासून मी घोटीत तुझे गोडवे गातेय. एवढ्याशा वयात एवढा निग्रह.

आता कामाचं. मी सोळा सोमवार धरले होते. सोळा कधीच झाले, पण सोडवेनात म्हणून वर्षानुवर्षं चालूच ठेवले. आता मला साखर निघाली. डॉक्टरनं असं झापलं की शेवटी उद्यापन करायचं ठरवलं. सोमवार, १० फेब्रुवारी. गुरुजी येणारच आहेत. त्यांच्याबरोबर तूही यायचं. पंगतीत पहिलं पान तुझं. तुझ्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही.

तुझी,
चंद्रभागाकाकू

पंचवटी, नाशिक,
१२ जानेवारी

ती. चंद्रभागाकाकू,
सा. नमस्कार.

तुम्हाला कशी विसरेन? तुम्ही आमच्या घरी कढीत मीठ कमी आहे असं तोंडावर सांगितलं होतंत. आई आठवडाभर कढी चाखून बघत होती.

पत्र मिळून खूप छान वाटलं. पण मला १० तारखेला येता येणार नाही. परीक्षा जवळ आलीय आणि अभ्यास बराच राहिलाय. पहिलं पान दुसऱ्या कुणाला तरी द्या, माझा तसला काही अधिकार नाही.

एक विचारू का? उद्यापन न करता उपवास सोडला तर काय होतं? म्हणजे मध्येच, असाच. बाबांना विचारलं तर ते पोथी काढून बसतील, म्हणून तुम्हाला. सहज विचारतेय.

तुमची,
ओवी

घोटी,
१८ जानेवारी

चि. ओवी,
आशीर्वाद.

परवा योगेशनं, म्हणजे माझ्या लेकानं, पूजेच्या सामानासाठी गुरुजींना फोन लावला. मी त्याला मध्येच म्हटलं, ओवीचं विचार. गुरुजी म्हणाले, ओवीला श्रावणात टायफॉइड झाला, अजून अशक्तपणा आहे, म्हणून येत नाही. आणि तू म्हणतेस परीक्षा. आता मला सांग, टायफॉइड झालेलं माणूस दोन ओळीत तरी टायफॉइडचं रडगाणं गातंच की नाही? आमची निकिता, म्हणजे सूनबाई, तिला नुसता ताप आला होता तर वर्षभर तिच्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात "तापातून उठल्यापासून" अशी व्हायची. तुझ्या पत्रात त्याचं नावही नाही.

आणि तो प्रश्न. सहज विचारणारं माणूस "सहज विचारतेय" असं लिहीत नाही.

मी भोचक आहे हे तालुक्याला माहीत आहे, तेव्हा तुझ्यापासून कशाला लपवू? खरं काय ते कळव. नाहीतर मी अंदाज बांधत बसेन आणि माझे अंदाज फार वाईट असतात. मध्ये योगेश रोज संध्याकाळी गायब व्हायचा. मी त्याचं बाहेर लफडं आहे असं ठरवून निकिताला माहेरी पाठवायच्या तयारीत होते. तर तो मेला पोहायला शिकत होता.

सोबत योगेशच्या हाती इंद्रायणी तांदूळ पाठवतेय. टायफॉइड असेल तर पेज कर, परीक्षा असेल तर भात कर.

तुझी,
काकू

पंचवटी,
२४ जानेवारी

ती. काकू,

तुमचं पत्र वाचून मी हसले आणि मग रडले. आई घाबरून बघायला आली.

टायफॉइड नाही. परीक्षाही मेमध्ये आहे. मला खाण्याचा आजार आहे. ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. पोटात काही बिघाड नाही, जेवणाच्या आणि स्वतःच्या शरीराच्या विचारांनी डोकं पूर्ण व्यापून जातं, असा तो आजार. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला एका लग्नात कुणीतरी माझ्या दंडावरून काहीतरी बोललं. बोलणारीला आठवतही नसेल. मी एक सोमवार धरला. मग चतुर्थी. मग एकादशी, प्रदोष. आमच्या घरात "उपवास आहे" म्हटलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही, उलट कौतुक होतं. येणारे यजमान माझ्या पाया पडायचे बाकी होते. तुम्हीही त्यातल्याच, पण तुम्ही निदान "आज कसला?" असं विचारलंत. तेवढं कुणीच विचारलं नव्हतं.

श्रावणात घाटावर पूजेचं तबक नेताना मी चक्कर येऊन पडले. त्यानंतर कॉलेज रोडच्या एका डॉक्टरबाईंकडे उपचार सुरू झाले. आहाराच्या ताई वेगळ्या आहेत. शनिवारी आमचा गटही जमतो, माझ्यासारख्याच पाच-सहा जणांचा. मी आधीपेक्षा बरी आहे. पण उपवास बंद आहेत, आणि सोमवारी जेवायला बसले की वाटतं, मी काहीतरी मोडतेय आणि ते कुणीतरी बघतंय. तो प्रश्न त्यातून आला.

टायफॉइड बाबांचा. टायफॉइड म्हटलं की लोक मोसंबी घेऊन येतात. हे सांगितलं तर काय घेऊन येतील, ते बाबांना कळत नाही. माझे बाबा वाईट नाहीत, काकू. दर शनिवारी स्कूटरवरून मला नेतात आणि दोन तास खाली झाडाखाली बसून राहतात. पण वर येत नाहीत. माझ्या आजाराचं नाव त्यांनी आजवर एकदाही घेतलेलं नाही, घरातसुद्धा नाही. जो आजार मला झालाच नाही, त्यातून मी बरी कशी होऊ? त्यांनी एकदा तरी खरं नाव घ्यावं, एवढंच मला हवंय. पण हे मी त्यांना सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू नका.

तुमच्या तांदळाचा भात केला होता. वास फार छान येतो.

ओवी

घोटी,
२९ जानेवारी

चि. ओवी,

पत्र तीनदा वाचलं. निकितानं विचारलं कुणाचं, तर मी म्हटलं गॅसवाल्याचं. नंतर सुचलं, गॅसवाला कशाला पत्र लिहील.

मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही, आणि न कळलेलं तसंच सोडायची मला सवय नाही. तेव्हा विचारते. रागवायचं असेल तर खुशाल रागव. तुला भूक लागतच नाही, की लागते आणि तू तिला हाकलतेस? जेवलीस की बरं वाटतं की वाईट? हा आजार फक्त पोरींनाच होतो का? सडपातळ माणसांनाच होतो का? आमच्यासारख्या जाड बायकांना झाला तर कुणाला पत्ता तरी लागेल का? तुझ्यासमोर कुणी आपल्या वजनाचं बोललं तर तुला त्रास होतो का? कारण मी तर उठता-बसता तेच बोलते. आणि मुख्य प्रश्न: तुला जेवायला वाढायचं असेल तर माणसानं तोंडानं काय म्हणायचं?

हे शेवटचं फार गंभीर आहे. घोटीत माझ्या आग्रहाचं नाव आहे. मी जिलबीचं ताट घेऊन निघाले की बाप्ये पानावर आडवे हात घालतात, आणि मी हाताच्या फटीतून जिलबी सोडते. आग्रह नाही केला तर यजमानीण कसली? आमच्यात तर वाढणारीनं विचारलं नाही म्हणून सोयरिका फिसकटल्यात. आणि आता तुझं पत्र वाचल्यापासून मला वाटतं, मी आजवर कुणाकुणाला काय काय भरवलं असेल देव जाणे.

उपवासाच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. मी तर स्वतःच भीतीपोटी इतकी वर्षं सोमवार ओढले. पण १० तारखेला गुरुजी माझ्या घरात असतील. तुझं नाव न घेता, बाजूला नेऊन, हळूच विचारते. चालेल ना?

काकू

पंचवटी,
३ फेब्रुवारी

ती. काकू,

तुमचं पत्र मी शनिवारी गटात वाचून दाखवलं, नाव न सांगता. सायली म्हणाली, "या बाईंना इथे घेऊन ये, आमच्या घरच्यांनी दोन वर्षांत एवढे प्रश्न विचारले नाहीत." तेव्हा रागावण्याचा प्रश्नच नाही.

भूक लागते. मी तिला हाकलायची, आणि हाकलता आली की मला स्वतःचा अभिमान वाटायचा. आता ती हळूहळू परत यायला लागलीय, बिचकत बिचकत. जेवल्यावर कधी बरं वाटतं, कधी खूप भीती वाटते. आमच्या गटात रविराज आहे, ओझरचा. त्याचे वडील कारखान्यात आहेत. तेव्हा मुलांनाही होतो. सायली दिसायला चांगली धडधाकट आहे, म्हणून तिचा आजार कुणाला खराच वाटत नव्हता. तुम्ही विचारलेला पत्ता लागायचा प्रश्न अगदी बरोबर आहे, लागत नाही.

वजनाचं बोललेलं त्रास देतं. "बारीक झालीस" हे तर देतंच, पण आता लोक "चेहरा भरला हो" म्हणतात, त्याचा जास्त होतो. आणि ताटाचं म्हणाल तर, ताट समोर ठेवावं आणि दुसरं काहीतरी बोलावं. गिरणीचं बोला, योगेशदादाच्या पोहण्याचं बोला. मी किती खाल्लं ते बघू नका आणि खाल्लं म्हणून शाबासकीही देऊ नका. शाबासकी दिली की वाटतं, सगळे मोजत होते.

मी १० तारखेला येत नाही. यावेळी खरं कारण सांगते: पंगतीला अजून मी घाबरते. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत्ता नाही जमलं तर ते अपयश नाही.

बाबांना विचारा. हळूच विचारा. माझं नाव मात्र घेऊ नका, काकू. ते घ्यायचं असेल तर त्यांनीच घ्यायला हवं.

ओवी

पंचवटी,
१६ फेब्रुवारी

ती. काकू,

घोटीला काय झालं?

बाबा सोमवारी रात्री आले. ओट्यावर चुरम्याचा डबा ठेवला, "घोटीचा प्रसाद आहे," म्हणाले आणि पाय धुवायला गेले. एरवी ते माझ्यासमोर प्रसाद धरून उभे राहतात, मी खाईपर्यंत. यावेळी परत आलेच नाहीत. थोड्या वेळानं बघितलं तर बाहेर पायरीवर बसले होते, पाय कोरडेच.

काल शनिवार होता. स्कूटर लावली आणि माझ्याबरोबर जिना चढायला लागले. डॉक्टरबाईंसमोर बसले. निघताना बाबांनी विचारलं, "मी काय वाचू?" डॉक्टरबाईंनी एक पुस्तिका दिली. ती आता त्यांच्या पोथ्यांशेजारी ठेवलीय, सोवळ्यातल्या फडताळात.

मी विचारलं तर म्हणतात, "उद्यापन छान झालं, चंद्रभागाबाईंनी जिलबी चांगली केली होती." आई म्हणते, त्यांना विचारू नकोस. मग मी कुणाला विचारू? आता प्रश्न विचारायची पाळी माझी. सगळं लिहा, काही गाळू नका.

ओवी

घोटी,
२० फेब्रुवारी

चि. ओवी,

लिहिते. आधी माझी चूक ऐक.

पूजा झाली, चुरम्याचे तीन भाग झाले, पंगत बसली. गुरुजी पहिल्या पानावर. तुझंच पान होतं ते, मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही, तुझ्या बाबांनाच बसवलं. मला वाटलं, आत्ता वाढता वाढता वाकून हळूच विचारावं. आता बघ, ज्या बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तिचं हळूच म्हणजे काय असेल? मी आपली कानाशी लागून विचारतेय अशा समजुतीत होते. निकिता सांगते, रस्त्यापलीकडच्या किराणावाल्यानं मान वळवली.

मी विचारलं, "गुरुजी, एका पोरीनं उपवास धरले अन् आजारापायी मधीच सोडावे लागले. उद्यापन नाय केलं. तर तिला दोष लागंल का?"

गुरुजींनी जेवणाआधीचं पाणी तळहातावर घेतलं होतं. त्यांनी मला विचारलं, "तिनं संकल्प केला होता का? देवापुढे, पाणी सोडून?"

मी म्हटलं, "नाय. आपलं मनानंच धरलं होतं."

"मग ते व्रत नव्हतंच," ते म्हणाले. "जे धरलंच नाही ते मोडणार कसं? दोष नाही. तिला सांगा, पोटभर जेव."

इथंच ते थांबले असते तरी माझं काम झालं होतं. मी वरण वाढायला वळलेसुद्धा. पण त्यांच्या तळहातावरचं पाणी बोटांतून गळून गेलं होतं आणि ते तसेच बसून होते. मग ते बोलले. मला ओठांवरून थोडं कळलं, बाकी निकितानं नंतर शब्द न् शब्द सांगितला. ते म्हणाले, "ती मुलगी माझी आहे. ओवी. तिला टायफॉइड झाला नव्हता. तुम्हा सगळ्यांना मी खोटं सांगितलं. तिला खाण्याचा आजार आहे. माझ्या घरात माझी मुलगी उपाशी राहत होती आणि मी त्याला उपवास म्हणत होतो. लोकांना संकल्प सांगतो मी, पण तिचा संकल्प झाला का, हे मी तिला कधी विचारलं नाही."

आमचे खंडेराव, नव्वदीला टेकलेत, त्यांनी विचारलं, "पन पोरगी आता बरी हाय ना?"

"होतेय. वेळ लागेल," गुरुजी म्हणाले.

"मंग लागू द्या. वाढा गं."

आणि लोक जेवायला लागले. मी जिलबीचं ताट पंगतीच्या मध्ये ठेवून दिलं आणि बाजूला बसले, ज्याला हवी त्यानं घ्यावी. लोकांना वाटलं माझी साखर चढली. दोघांनी पाणी आणून दिलं. पण खोटं कशाला बोलू, हात नुसते शिवशिवत होते.

गुरुजी सामान आवरत होते; बाकी सगळे गेल्यावर भागीबाई मागं राहिली. आमच्याकडे भात आणते ती. भांडी आवरायच्या निमित्तानं रेंगाळली आणि मग म्हणाली, "काकू, त्या डाक्तरीनबाईचा नंबर मिळंल का? माझी बी पोरगी लय उपास करती. मला वाटायचं, गुणाची हाय." गुरुजींनीच तिला नंबर लिहून दिला.

तुझं नाव मी घेतलं नाही, ओवी. शब्द पाळला. बाकी अख्ख्या घोटीला ऐकवलं त्याबद्दल काय शिक्षा द्यायची ती दे.

तुझी,
काकू

पंचवटी,
२७ फेब्रुवारी

ती. काकू,

शिक्षा म्हणजे, यापुढे सगळी गुपितं तुम्ही अशीच हळूच विचारायची.

तुमचं पत्र मी बाबांना दाखवलं नाही. ते कपाटात ठेवलंय आणि रोज एकदा वाचते. त्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी तिथे नव्हते, याचं आधी वाईट वाटलं. मग वाटलं, मी समोर असते तर त्यांना जमलं नसतं.

काल महाशिवरात्र होती. आमच्याकडे त्या दिवशी घरात धान्य शिजत नाही, मला कळायला लागल्यापासून कधी शिजलेलं नाही. साबुदाणा, वरई, रताळी, आणि दिवसभर यजमानांची ये-जा. मी आठवडाभर या दिवसाला घाबरत होते. सकाळी बाबा घाटावर निघताना आईला म्हणाले, "ओवीसाठी कुकर लाव. घोटीचा तांदूळ आहे ना अजून?" आई बघतच राहिली. मग तिनं लावला.

दुपारी बाबांनी स्वतः मला वरण-भात वाढला आणि आपली रताळी घेऊन समोर बसले. गिरणीबद्दल बोलत होते. भात भरडताना किती कणी निघते, काही तरी असंच. त्यांना त्यातलं काही कळत नाही, काकू, पण ते बोलत होते.

तेवढ्यात शेजारच्या रंगूबाई बेलाची पानं घेऊन आल्या. माझ्या ताटात भात बघून दारातच थांबल्या. "अगंबाई, ओवीचा आज उपवास नाही?"

माझा घास हातातच राहिला. वाटलं, आता बाबा टायफॉइड काढतील. महाशिवरात्रीचा दिवस, घरात यजमान बसलेले, त्यांनी काढला असता तरी मी समजून घेतलं असतं.

बाबा म्हणाले, "नाही. तिला खाण्याचा आजार झालाय, त्यातून ती बरी होतेय. बसा ना, रताळी घ्या." उद्या कोणती तिथी आहे हे सांगावं इतक्या साध्या आवाजात.

रंगूबाई म्हणाल्या, "पण टायफॉइड होता ना?"

"नव्हता," बाबा म्हणाले.

मग रंगूबाई बाबांकडे बघत राहिल्या, आतले यजमान बाबांकडे बघत राहिले, आई पदरानं कपाळ पुसत बाबांकडेच बघत राहिली. किती तरी महिन्यांनी माझ्या ताटाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी थोडा भात आणखी घेतला.

तुमची,
ओवी